फाइल शेजारीच आहे, तरी मॉड्यूल सापडत नाही!

प्रश्न : लिनक्सवर मी सी भाषेत बिलं तपासणारा प्रोग्राम लिहिला आहे. त्याचे नियम सतत बदलतात, म्हणून ते 'नियम.पीवाय' या पायथन फाइलमध्ये ठेवले. फाइल एक्झिक्युटेबलच्या शेजारीच आहे. त्याच फोल्डरमध्ये पायथन उघडून इम्पोर्ट केलं की बिनतक्रार चालतं. प्रोग्राममधून मात्र 'पायइम्पोर्ट_इम्पोर्टमॉड्यूल' हे मॉड्यूल आणणारं फंक्शन नल (रिकामा पॉइंटर) परत देतं आणि लगेच सेगमेंटेशन फॉल्ट येऊन प्रोग्राम कोसळतो. पायथनच्या आवृत्तीचा घोळ असेल का?

उत्तर : आवृत्तीवर संशय घेण्याआधी खुद्द पायथनला विचारा की! नल हाती आलं की तिथेच एरर छापणारं 'पायएर_प्रिंट' बोलवायचं आणि पुढचं काम थांबवायचं. तुम्ही नल न तपासता तेच पुढे वापरलंत, फॉल्ट त्याचा आहे. फाइल सापडली नाही काय किंवा सापडली पण आत एक कंस राहिला काय, सी-च्या बाजूने दोन्ही वेळा नलच दिसतं. फरक कळतो तो एरर छापल्यावरच.

तुमच्या बाबतीत 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर', म्हणजे मॉड्यूल सापडलं नाही, असं दिसेल, असा माझा अंदाज. टर्मिनलवर पायथन उघडलं की चालू फोल्डर 'सिस.पाथ'च्या, म्हणजे मॉड्यूल कुठे शोधायचं त्या फोल्डरांच्या, यादीत आपोआप पहिला बसतो. सी-मधून पायथन सुरू करणारं 'पाय_इनिशियलाइझ' ही मेहेरबानी करत नाही. स्टँडर्ड लायब्ररी, साइट-पॅकेजेस (वेगळी बसवलेली पॅकेजेस), पायथनपाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये काही असेल तर ते, एवढंच तिथे शोधलं जातं. एक्झिक्युटेबलच्या शेजारी कोणी डोकावतही नाही.

तेव्हा इनिशियलाइझ झाल्यावर 'पायसिस_गेटऑब्जेक्ट'ने 'पाथ' ही यादी मागा आणि 'पायलिस्ट_इन्सर्ट'ने तुमचा फोल्डर शून्याव्या जागी घाला. पत्ता पूर्ण द्या. नुसता टिंब देऊ नका, नाहीतर प्रोग्राम दुसऱ्या फोल्डरमधून चालवला की पुन्हा हेच रडगाणं. शिवाय त्या फोल्डरमध्ये कोणी त्याच नावाची फाइल टाकली तर तीच चालेल. यादीचा रेफरन्स उसना असतो, तुमच्या मालकीचा नाही, म्हणून त्यावर 'पाय_डेकरेफ' (रेफरन्स सोडून देणं) करू नका. पत्त्याची स्ट्रिंग तुम्ही बनवलेली, तिच्यावर मात्र करा. इथे उलटापालट झाली तर प्रोग्राम बहुधा भलत्याच ओळीवर कोसळतो आणि माणूस तिथेच शोधत बसतो.

शोधायची यादी आधीच ठरवून देणारं 'पाय_सेटपाथ' वापरा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. ते 3.11मध्ये डेप्रिकेटेड (वापरू नये असं) ठरलं आणि 3.13मध्ये काढूनच टाकलं. जुन्या आवृत्तीत वापरलंत तरी त्याने मूळ यादीच पुसली जाते. मग स्टँडर्ड लायब्ररीतलं 'एन्कोडिंग्ज' सापडत नाही म्हणून पायथन सुरूच होत नाही.

इम्पोर्टला मॉड्यूलचं नाव देताना शेवटी '.पीवाय' जोडलेलं नाही ना, तेही बघा. 'नियम.पीवाय' दिलंत तर पायथन 'नियम' नावाच्या पॅकेजमध्ये 'पीवाय' शोधायला जातो.

नियम सतत बदलतात म्हणालात, म्हणजे पुढचा प्रश्न येणारच. प्रोग्राम चालू असताना फाइल बदलून पुन्हा इम्पोर्ट केलं तरी जुनेच नियम मिळतील, कारण एकदा आलेलं मॉड्यूल 'सिस.मॉड्यूल्स' या आधी आणलेल्या मॉड्यूल्सच्या साठ्यात राहतं. त्यासाठी 'पायइम्पोर्ट_रिलोडमॉड्यूल' आहे. पण आधी काढून ठेवलेलं फंक्शन रिलोडनंतरही जुनंच राहतं. ते 'पायऑब्जेक्ट_गेटअ‍ॅट्रस्ट्रिंग'ने नव्याने मागून घ्या.