20 वर्षं फौजेत असूनही काका नाईकच का?

तुमचा प्रश्न: काकांना फौजेत 20 वर्षं झाली, तरी ते नाईकच, प्रमोशन का मिळत नाही? त्या ‘नाईकच’मधला ‘च’ वाचला आणि लिहायला बसलो. मी 26 वर्षं करून हवालदार म्हणूनच घरी आलो.

फौजेत शिपाई, मग नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार अशी चढण असते. जवानाची रँक वर्षं मोजून मिळत नाही. वरची जागा रिकामी व्हावी लागते. वरचा पेन्शनवर गेला की खालचा सरकतो. त्यातही रोस्टर, म्हणजे बढतीची यादी, ज्याच्या त्याच्या रेजिमेंटचा आणि ट्रेडचा (कामाचा), म्हणून एकाच दिवशी भरती झालेले दोघे, एक सुभेदार होतो आणि दुसरा नाईक राहतो. कॅडर (बढतीचा कोर्स) पास पाहिजे, एसीआर म्हणजे वरिष्ठांचे वार्षिक गोपनीय अहवाल चांगले पाहिजेत, मेडिकल पाहिजे, रेड इंक एन्ट्री (शिक्षेची लाल शाईतली नोंद) नको. माझं हे सगळं साफ होतं. पण वरचे दोन जेसीओ, म्हणजे नायब सुभेदार आणि त्यावरच्या रँकचे, एक्स्टेन्शनवर (मुदतवाढीवर) राहिले. हवालदाराची नोकरी 24 वर्षं, वर दोन एक्स्टेन्शनची. मीही ती घेतली, तीही सरली. जागा निघाली तेव्हा मी कामठीत घराला प्लास्टर करून घेत होतो. ती माझ्या ज्युनियरला मिळाली. चांगला पोरगा आहे, त्याच्याबद्दल काही नाही.

आता आमचे साडू. त्यांच्या मोठ्या मुलीचं लग्न होतं. नागपूरच्या महाल भागातल्या प्रेसमधून पत्रिकांचे गठ्ठे आले, नात्यातला म्हणून कामठीकडच्या वाटायला मी घेतले. उघडून पाहतो तर निमंत्रकांत माझ्या नावापुढे कंसात ‘सुभेदार, निवृत्त’. फोन लावला. तर म्हणतात, “राजेहो, 26 वर्षं करून हवालदार लिहिलं तर मुलाकडचे काय म्हणतील? अन् मानद तर लिहिताच येते ना!” मानद नायब सुभेदार रिटायर झाल्यावर काही हवालदारांना मिळतो, 26 जानेवारी नाहीतर 15 ऑगस्टला नावं निघतात. माझं निघालं नाही. आणि निघालं असतं तरी ते नायब सुभेदार झालं असतं, सुभेदार नाही. हा फरक त्यांना आजही कळत नाही.

त्या रात्री निळा पेन घेऊन बसलो. 80 पत्रिका. ‘सुभेदार’वर सरळ रेघ, वर बारीक अक्षरात ‘हवालदार’. चमकीच्या कागदावर शाई धरत नव्हती, तळहाताला लागून गणपतीच्या सोंडेवर निळा डाग पडायचा. बायको दारात उभी राहून म्हणाली, “काहून करता असं, ताईला काय वाटेल?” दहाएक पत्रिकांनंतर तीच शेजारी बसली आणि पंखा बंद करून पत्रिका वाळवू लागली.

कामठीत फौजेच्या गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर आहे. आमच्या गल्लीत निम्मी घरं फौजींची. तिथं खोटी रँक छापलेली पत्रिका वाटत फिरायचं? बाहीवर तीन फिती मी कमावल्यात, खांद्यावरचा स्टार नाही.

पगाराचं म्हणाल तर माणूस अगदीच अडकून राहत नाही. 8, 16 आणि 24 वर्षांवर एमएसीपी लागतो, रँक तीच पण पगार वरच्या रँकचा. मी शेवटी नायब सुभेदाराचाच पगार घेत होतो. काकांना विचारायचं तर एमएसीपी लागला का हे विचारा, ‘अजून नाईकच का’ ते नको. अफसरांचं गणित वेगळं. त्यांना 2, 6 आणि 13 वर्षांवर लेफ्टनंट कर्नलपर्यंत रँक मिळत जाते, खरी गाळणी कर्नलच्या निवड बोर्डात लागते. लोक तेच पाहून जवानालाही लावतात.

हां, काकांचं कॅडर राहिलं असेल किंवा मेडिकल खाली असेल तर कारण तेही असू शकतं. नियमही मधूनमधून बदलतात. त्यांच्या युनिटचा हेडक्लर्क दोन मिनिटांत सांगेल.

साडूभाऊ, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. धाकटीच्या पत्रिकेचं प्रूफ या वेळी आधी माझ्याकडे पाठवा.