मुलगा १५ वर्षांचा आहे, आम्ही लूटनला राहतो. शनिवार-रविवार ग्लायडिंग क्लबात नेमकं काय चालतं? त्याला नेण्यात अर्थ आहे का?

लूटनला राहता म्हणजे डन्स्टेबलचा लंडन ग्लायडिंग क्लब तुमच्या दारातच आहे. मी तिथेच उडतो, तेव्हा तिथलंच सांगतो. मुलाला जरूर न्या. ब्रिटनमध्ये १४ पूर्ण झाली की ग्लायडर एकट्याने उडवता येतं. गाडीच्या लायसन्सच्या आधी पोरगं एकटं आभाळात, हे आईबापांच्या पचनी पडायला वेळ लागतो, ते वेगळं.

पण दिवसभरात उडायला किती मिळतं, हे ऐकून बरेच जण गळतात. विंचने, म्हणजे मैदानाच्या टोकाला उभं राहून लांब केबल गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढलेलं ग्लायडर साधारण हजार-दीड हजार फुटांवर जातं. वर उचलणारी हवा नसेल तर पाच-सात मिनिटांत परत जमिनीवर. अशा दोन-तीन फेऱ्यांसाठी अख्खा दिवस मैदानात काढायचा. सकाळी यादीत नाव लावायचं, हँगरमध्ये पंखाखाली पंख सरकवून ठेवलेली ग्लायडरं कुठेही न घासता बाहेर काढायची, उतरलेलं ग्लायडर ढकलत परत आणायचं, दुसऱ्याच्या उड्डाणाला पंखाचं टोक धरून धावायचं. एकट्याने काहीच होत नाही: विंचवर एक माणूस, पंखाला एक, इशारा द्यायला एक. तुमचा मुलगा यात रमला तर तो टिकेल. फक्त वर जायचं असेल तर एकदा ट्रायल फ्लाइट घ्या आणि खूश व्हा, त्यातही काही वाईट नाही.

आता उड्डाण. शिकायला बहुतेक के-२१ हे दोन आसनांचं ग्लायडर मिळेल: पुढे विद्यार्थी, मागे इन्स्ट्रक्टर, दोघांच्या पाठीला पॅराशूट. पट्टे, कंट्रोल, ब्रेक, कॅनपी (डोक्यावरचं पारदर्शक झाकण) सगळं ओळीने तपासायचं, आणि शेवटी केबल तुटली तर काय करायचं हे मोठ्याने बोलायचं. मग केबल अडकवतात. 'टेक अप स्लॅक' (ढिली केबल ताणा), मग 'ऑल आउट' (पूर्ण जोराने ओढा), आणि ग्लायडर सुटतं. काही सेकंदांत नाक इतकं वर जातं की समोर फक्त आभाळ दिसतं. पोटात गोळा येतो, येऊ द्या. वर गेल्यावर केबल सुटते, आवाज एकदम खाली येतो. समोर महागडी उपकरणं असतात, पण ग्लायडर आडवं घसरतंय का हे सांगतो कॅनपीवर चिकटवलेला लोकरीचा तुकडा! तो सरळ मागे उडत राहिला पाहिजे. नवशिक्याचा तो सदा एका बाजूला पळत असतो.

डन्स्टेबलची खरी मजा पश्चिमेचा वारा असतो तेव्हा. वारा क्लबशेजारच्या डन्स्टेबल डाउन्सच्या टेकडीवर आदळून वर चढतो, आणि त्या पट्ट्यात टेकडीच्या कडेने येरझारा घालत बराच वेळ तरंगता येतं. व्हिप्सनेड झूचा खडूच्या उतारावर कोरलेला पांढरा सिंह तिथून छान दिसतो. उन्हाच्या दिवशी थर्मल, म्हणजे तापून वर चढणारे हवेचे झोत, शोधायचे. फुगीर ढगाखाली किंवा लाल घारी गोल फिरत असतील तिथे जायचं, व्हेरिओमीटर (आपण वर चढतोय की खाली येतोय हे आवाजाने सांगणारं उपकरण) वरचा सूर धरू लागला की वळायचं. घार क्वचितच चुकते. के-२१ स्थिर हवेत एक किलोमीटर उंचीवरून सुमारे ३४ किलोमीटर जातं, त्यामुळे 'इंजिन नाही, मग पडणार नाही का' ही काळजी सोडा. लूटन विमानतळ मात्र शेजारीच, म्हणून त्या बाजूला मनाला येईल तसं भटकता येत नाही.

मुलगा वर असताना तुम्ही क्लबहाउस बघा. १९३०च्या दशकातली ही इमारत क्रिस्टोफर निकल्सन या वास्तुविशारदाची. तो स्वतः ग्लायडर उडवायचा आणि १९४८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या स्पर्धेत अपघातात गेला.

पुण्याचे असाल तर हडपसरचं ग्लायडिंग सेंटर ठाऊक असेलच; विंच तिथलीही तशीच.

निघण्याआधी फोन करून हवा विचारा. वजनाची मर्यादा असते, तीही विचारा. टोपी, पाणी, सपाट बूट घ्या, आणि संध्याकाळी कुठे जायचं ठरवू नका. वाऱ्याची दिशा बदलली की सगळं बाडबिस्तर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हलवावं लागतं, आणि तेवढा वेळ उड्डाणं बंद असतात.