मंडळी आणि एकांत

प्रिय,

येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. खानापूरकडची आपली लहानशी मंडळी, आपले चर्च, सोडून तू नर्सिंगच्या शिक्षणासाठी बेळगावात आलीस, तेव्हापासून उपासनेला जातेस पण प्रार्थना आतून येत नाही आणि एवढ्या लोकांत परके वाटते, असे तू लिहिले आहेस. या दोन्ही दुःखांचे मूळ मला एकच दिसते.

मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय सावकाश वाच. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी प्रभू येशू कफर्णहूम गावाच्या सभास्थानात शिकवतो, तेथून शिमोनाच्या घरी जातो, सायंकाळी सारे गाव दाराशी लोटते; आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिष्य शोधत आले की तो पुन्हा लोकांकडे निघतो. एकासाठी दुसरे त्याने सोडले नाही. तुझी खोलीतली प्रार्थना तुटली म्हणून रविवार कोरडा जातो, आणि रविवारी कोणाशी बोलणे होत नाही म्हणून प्रार्थनेत कोणाचे नाव येत नाही.

रात्रपाळीमुळे पहाटेची वेळ तुला पाळता येणार नाही. तो हट्ट धरू नकोस. पाळी कोणतीही असो, ड्यूटीवरून आल्यावर मोबाइल हातात घेण्यापूर्वी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र ओठ हलवून वाच. मन लागत नसेल त्या दिवशी १३ वे स्तोत्र काढ. ते तक्रारीनेच सुरू होते. ८८ वे तर अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मन भरून येईल तेव्हाच प्रार्थना करीन, असे ठरवणाऱ्या कितीतरी तरुणांची प्रार्थना हळूहळू बंद पडलेली मी पाहिली आहे. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एखादे पद पाठ कर. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्तभक्ती आपल्या अभंगाच्या वळणाने गायिली, आणि ती वसतिगृहाच्या खोलीतही गुणगुणता येते.

आता मंडळीविषयी. बेळगावात मिशनचे काम १८२० मध्ये सुरू झाले. अशा जुन्या शहरी मंडळीत घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखतात आणि उपासना संपताच आवारात आपापल्या घोळक्यात उभी राहतात. त्यांच्या मनात दुजाभाव नसतो, पण नव्याला तो जाणवतो, आणि स्वागताची पहिली जबाबदारी जुन्यांचीच आहे, असे मी ठामपणे मानते. तरीही तू लगेच फाटकाकडे वळू नकोस. बाके सरळ करणाऱ्या, गीतपुस्तके गोळा करणाऱ्या बायकांच्या मदतीला जा. हाताला काम मिळाले की बोलणे आपोआप सुरू होते. एखादी आजी कन्नडमध्ये विचारपूस करील, तिला मोडक्या कन्नडमध्येच उत्तर दे. ती सांभाळून घेईल. तिचे नाव आणि तिचे गुडघ्याचे दुखणे वहीत लिहून ठेव, आठवडाभर तिच्यासाठी प्रार्थना कर आणि पुढच्या रविवारी आवर्जून विचार, “आता गुडघा कसा आहे?”

पाळकसाहेबांना तुझ्या पाळ्यांचे वेळापत्रक देऊन ठेव, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी मोकळीक मिळेल का, हे आधीच पाहा. येत्या शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनासभा आहे. वाचनासाठी एक स्तोत्र तू निवडून आण, आणि जेवूनच जा.

प्रभूमध्ये तुझी,
मावशी