आईंना चालवू की झोपू देऊ?

"मॅडम, आई दिवसभर झोपून असतात तरी दमलेल्याच. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, चालवा. कॅन्सर हाडात पसरलाय हो, हाड मोडलं तर?"

फोनवर सून होती. पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेत, काम करताना हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की समोरच्याचं वाक्य मीच पुरं करू शकते. तरी घरी गेले.

मालतीकाकू (नाव बदललंय) साताऱ्याजवळच्या गावातल्या, वय ६१. स्तनाचा कॅन्सर, मणक्यात पसरलेला. गोळ्या चालू. कॉटच्या उशाशी तांब्या, पायाशी स्लिपर. स्लिपर उलटी पडली होती, तळाला किमतीचं स्टिकर तसंच. "दिवाळीत आणल्यात," सून म्हणाली. तेव्हा फेब्रुवारी होता.

घरात मायेला तोटा नव्हता. पाणी मागायच्या आत पाणी, ताटही कॉटवरच. सून चहा टाकायला आत गेली तशा काकू हळूच म्हणाल्या, "पहिल्यांदा दवाखान्यात मी चालत गेलते. आता उठले की सगळे ओरडतात."

कॅन्सरचा थकवा झोपून जात नाही, हे घरच्यांच्या गळी उतरवणं अवघड असतं. पडून राहिलं की मांड्या उतरतात, मग संडासपर्यंत जायलाही धाप लागते, आणि ती धाप बघून घरचे आणखी झोपवतात. असाच पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ३५७ रुग्णांवर युरोप आणि ऑस्ट्रेलियात झालेला अभ्यास २०२४ मध्ये छापून आला. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांच्या हाडात रोग होता. नऊ महिने देखरेखीखाली व्यायाम केलेल्या गटाचा थकवा कमी राहिला, रोजचं जगणं सुधारलं. कॅन्सर बरा करण्याचा दावा त्यात नाही, मीही तो कुणापुढे करत नाही.

पण सुनेची भीती खुळी नव्हती. म्हणून आधी डॉक्टरांना स्कॅन दाखवून विचारलं की कुठलं हाड कच्चं आहे. त्यांनी वाकून वजन उचलणं, कंबर पिळणं, दणके बसतील असं काहीही बंद सांगितलं. ताप असेल किंवा प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) फार उतरल्या असतील तर त्यांना विचारल्याशिवाय व्यायाम नाही. आणि पाठ नव्यानं दुखू लागली, पायातलं बळ गेलं, मुंग्या आल्या किंवा लघवी अडली, तर उद्यावर न ढकलता त्याच घटकेला दवाखाना.

फिजिओथेरपिस्टनं खुर्चीवरून पाच वेळा उठबस दिली, आणि बोलता येईल इतक्याच गतीनं घरातल्या घरात चालणं. काकूंनी स्वतःहून एकच मागितलं, "तुळशीला पाणी मी घालीन." अर्धा तांब्या, सून शेजारी. पहिल्या दिवशी निम्मं पाणी उंबऱ्यावरच सांडलं.

महिनाभरात दुसरंच त्रांगडं. मुलानं पावलं मोजणारं घड्याळ आणलं. कामावरून फोन करून विचारायचा, "आई, आज आठशेच?" काकू रडल्या. हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. रिपोर्टपुढे मुलाचं काही चालत नव्हतं, म्हणून त्यानं पावलं धरली होती. त्याच्याशी मी दोनदा बोलले. दुसऱ्यांदा तो बराच वेळ गप्प बसला आणि घड्याळ कपाटात गेलं. वाईट दिवशी न चालणं हा काही गुन्हा नाही.

जूनमध्ये रोग यकृतात पोचला. अंगणात जाणं सुटलं. शेवटच्या भेटीत स्लिपर कॉटखाली दिसली. स्टिकर कधीच गेलं होतं, उजवी टाच झिजली होती. काकू पडल्या पडल्या पावलं वरखाली करत होत्या, सून मोजत होती. सातवर काकू म्हणाल्या, "आज पुरे गं."

सुनेनं पांघरूण सारखं केलं.