जपानी माणसांना ‘र’ आणि ‘ल’ यांतला फरक ऐकू का येत नाही? त्यांच्या कानात काही दोष असतो का?

कान ठणठणीत असतात. जपानीत र-ल मिळून एकच व्यंजन आहे, जीभ वर निसटती टेकवून काढलेलं. या फरकाने तिथे कुठल्याच शब्दाचा अर्थ बदलत नाही, मग कान तो टिपायची तसदी कशाला घेईल? आपल्याला ‘वेल’ आणि ‘वेळ’ झोपेतही वेगळे ऐकू येतात, कारण तिथे अर्थ बदलतो.

प्रश्न वाचून आमचे मोठे मेहुणे आठवले. ‘देवनागरीत जगातले सगळे उच्चार आहेत, आपली जीभ कुठेच अडत नाही’ हे त्यांचं ठरलेलं भाषण; जपान्यांच्या इंग्रजीची नक्कल हा त्याचा उत्तरार्ध. एकदा मी त्यांना फोनवर दोन इंग्रजी शब्द ऐकवले. एकाचा अर्थ बनियन, दुसऱ्याचा पश्चिम. देवनागरीत दोन्ही ‘वेस्ट’च. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो आणि दात लांब राहतात. फोन पालथा ठेवून उलटसुलट लावले, तर मेहुणे छापा-काटा केल्यासारखी उत्तरं देत सुटले. शेवटी म्हणाले, ‘तू मुद्दाम एकच शब्द लावतोयस.’ नेमकं हेच तर होतं जपानी माणसाचं!

बरं, देवनागरीत मराठीचे तरी सगळे उच्चार कुठे आहेत? ‘जरा थांब’मधला ज आणि ‘जरा-मरण’मधला ज एकाच अक्षरात कोंबलेत. कोरियनमध्ये बुल म्हणजे आग, पुल म्हणजे गवत, प्पुल म्हणजे शिंग. हे मी आपल्या लिपीत कसंबसं बसवलंय. मूळ तिन्ही आवाज आपल्या ब, प, फ यांच्याशी तंतोतंत जुळत नाहीत.

कुठले आवाज टिपायचे आणि कुठले सोडायचे, ही कानाची गाळणी लहानपणीच बसते. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये दाखवलं की इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले ट आणि त वेगळे ओळखतात. दहा-बारा महिन्यांपर्यंत त्यांची ही क्षमता बरीच ओसरते.

अर्थात मोठेपणी काहीच जमत नाही असं नाही. अशा जोड्या वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात ऐकायच्या आणि प्रत्येक उत्तर बरोबर की चूक ते लगेच तपासायचं. जपानी लोकांचं र-ल अशा सरावाने सुधारल्याचे प्रयोग झालेत. फक्त आधी आपल्याला फरक ऐकू येत नाही हे कबूल करावं लागतं, आणि मेहुणे अजून तिथेच अडलेत.