प्रिंटरचं हेड तुंबलंय: घरचं लिक्विड, नवं हेड की नवा प्रिंटर?

बार्शीच्या एका ताईंचं तहसील कचेरीजवळ झेरॉक्स आणि फोटो-प्रिंटचं दुकान आहे. चार वर्षं वापरलेला इंक टँक प्रिंटर महिनाभर बंद राहिला आणि काळा व निळा रंग उमटेनासा झाला. दुरुस्तीवाल्याने नव्या हेडचे (कागदावर शाई सोडणाऱ्या भागाचे) मजुरीसह ७,००० रुपये सांगितलेत, नवा प्रिंटर १४,००० ला पडतो. भाचा म्हणतो, २५० रुपयांच्या सामानात घरीच लिक्विड करून हेड मोकळं करू. नव्यासाठी आरडी मोडावी का, असंही त्यांनी विचारलंय.

ताई, भाच्याला करू द्या. पण दोन दिवस, त्यापुढे नाही.

या प्रयोगाचा खर्च २५० रुपये नाही. तुम्हीच लिहिलंय की रंगीत प्रिंट शेजारून आणून द्यावे लागतात आणि त्यात रोजचे ३०० रुपये बुडतात. दोन दिवसांचे ६०० आणि सामानाचे २५०, म्हणजे ८५० झाले. आता १४,००० चा नवा प्रिंटर जुन्यासारखा चार वर्षं चालला, तर महिन्याला साधारण २९२ रुपये पडतो. म्हणजे मोकळं झालेलं हेड तीन महिने टिकलं तरी प्रयोगाचे पैसे फिटले. हा सौदा करण्यासारखा आहे. प्रयोग आठवडाभर लांबला की हेच गणित २,३५० वर जातं, आणि तेव्हा तो करण्यात अर्थ उरत नाही.

नव्या हेडचे ७,००० मात्र मी घालणार नाही. हेड नवं बसलं तरी पंप, रोलर आणि वाया गेलेली शाई शोषणारं पॅड चार वर्षांचंच राहतं. असं यंत्र पुढे दीड वर्ष चालेल असं धरलं, तर महिन्याला ३८९ रुपये पडतात. नव्यापेक्षा महाग, शिवाय पूर्ण यंत्राची वॉरंटी नाही.

लिक्विडबद्दल थोडं सांगतो, कारण इथे चूक झाली तर हेड कायमचं जाईल. डिस्टिल्ड वॉटर तीन भाग आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग पुरे. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार नोझलमध्ये, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांत बसतात. अॅसिटोन तर अजिबात नको, त्याने प्लास्टिक आणि चिकटवलेले सांधे खराब होतात. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा प्लग काढून ठेवा. हेड विश्रांतीला जिथे थांबतं त्या स्पंजाच्या टोपीत थेंब थेंब टाका, हेड परत त्यावर आणून रात्रभर तसंच राहू द्या. सिरिंजने जोर लावून दाबू नका. सकाळी नोझल चेक, म्हणजे रंगीत रेघांचं चाचणीचं पान काढा. तुटलेल्या रेघा आदल्या दिवशीपेक्षा कमी दिसल्या तर आणखी एक रात्र द्या. काहीच फरक नसेल तर तिथेच थांबा. हेड क्लीनिंगचं बटण मात्र पुन्हा पुन्हा दाबू नका. दर वेळी बाटलीतली शाई खर्च होते आणि पॅडमध्ये जाऊन बसते. ते भरल्याची नोंद झाली की प्रिंटर काम थांबवतो.

(ज्यांच्या प्रिंटरमध्ये हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं, त्यांनी या भानगडीत पडू नये. नवं कार्ट्रिज म्हणजेच नवं हेड.)

लिक्विडने जमलं नाही तर नवा घ्या, पण आरडी मोडू नका. महिना २,००० ची, अकरा महिने भरलेली आरडी मोडली तर दंडाचं नुकसान मोठं नाही, बँक एक टक्का व्याज कापत असेल तर शंभर-सव्वाशे रुपये. अडचण वेगळी आहे. हातात २२,००० येतील, प्रिंटरला १४,००० जातील आणि मुलीच्या फीसाठी साठवलेले उरलेले ८,००० घरात विरघळतील. बऱ्याच बँका आरडीच्या तारणावर कर्ज देतात, व्याज आरडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. आरडीवर व्याज चालूच राहतं, त्यामुळे सहा महिन्यांत फेडलं तर खरा भार शंभर रुपयांच्या आसपास येतो. बँकेत आधी दर आणि प्रोसेसिंग फी विचारून घ्या. दुकानदाराच्या 'शून्य टक्के हप्त्या'तही ही फी असू शकते, शिवाय रोखीची सूट जाते. रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज दोन्ही कागदावर लिहून मागा.

प्रिंटर जुना राहो की नवा येवो, दुकान बंद असतानाही आठवड्याला एक रंगीत पान काढायला भाच्याकडे किल्ली देऊन ठेवा.