हिरवा रंग म्हणजे मुलगा?

प्रश्न: ताई, मला नववा आठवडा चालू आहे. नणंदेने हौसेने एक किट पाठवलं. त्यात लघवी घातली तर रंग हिरवा आला, म्हणजे मुलगा. चार दिवसांनी खाण्याच्या सोड्याचा प्रयोग केला, तर फेस आला नाही, म्हणजे मुलगी. त्या दिवशी सकाळपासून चार उलट्या झाल्या होत्या, लघवी जेमतेम आणि गडद पिवळी होती. आता घरात दोन तट पडलेत आणि मला झोप लागत नाही. खरं काय मानू? बोटातून रक्त काढून पाठवायची चाचणी ९९ टक्के बरोबर येते म्हणतात, ती करू का?

उत्तर: लघवीची दोन्ही उत्तरं बाजूला ठेवा. मी तेवीस वर्षं लॅबमध्ये रोज लघवीचे नमुने तपासते आहे. तुमच्या पत्रात मी अडकले ती उलट्यांच्या ओळीपाशी. तिच्याकडे शेवटी येते.

सोड्याला आम्ल मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच तो फेस. लघवीचा पीएच, म्हणजे ती किती आम्ल किंवा अल्क आहे याचं माप, साधारण ४.५ ते ८ यांच्यात कुठेही असू शकतो आणि एकाच बाईचा दिवसभरात बदलतो. मी गरोदर असताना एकाच दिवसात चार वेळा तपासणीची पट्टी बुडवून पाहिली होती. पहाटे पीएचचा चौकोन केशरी होता, दुपारी हिरवट झाला, उलट्या झाल्यावर निळसर हिरवा आणि रात्री पुन्हा पिवळट. बाई तीच, बाळ तेच. उलट्यांतून पोटातलं आम्ल निघून गेलं की लघवी अल्कधर्मी होऊ शकते, मग सोडा फसफसत नाही. तुमच्याकडे बहुधा हेच झालं. लाल कोबीच्या पाण्याचा प्रयोगही असाच, तो फक्त आम्ल-अल्क दाखवतो. आणि कोणी मोरी साफ करायचं रसायन लघवीत ओतायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका. त्याने भाजतं आणि घातक वाफा निघतात.

किटवाले हार्मोनचं नाव सांगतात. पण मुलगा की मुलगी याचा निवाडा करता येईल इतका स्वच्छ फरक आईच्या लघवीतल्या हार्मोनमध्ये नसतो. तरी 'आमचं अगदी बरोबर आलं' असं सांगणाऱ्या बायका तुम्हाला भेटतीलच. जगात १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे डोळे मिटून प्रत्येकीला 'मुलगा' सांगितलं तरी निम्म्याहून थोडं जास्त खरं ठरतं. ज्यांचं चुकतं त्या पुढे तो विषय काढत नाहीत. आईचं वय आणि गर्भधारणेचा महिना यांवरून मुलगा की मुलगी सांगणारा चिनी तक्ताही स्वीडनमधल्या २८ लाख जन्मांशी ताडून पाहिला गेला, तोही नाणं उडवण्याहून सरस ठरला नाही.

रक्ताची गोष्ट मात्र वेगळी, तिच्यामागे खरं विज्ञान आहे. आईच्या रक्तात बाळाच्या डीएनएचे तुकडे फिरत असतात, हे १९९७ साली शास्त्रज्ञ डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यात पुरुषांमध्येच असणाऱ्या वाय गुणसूत्राचा अंश सापडला तर मुलगा, नाही सापडला तर मुलगी. २०११ साली ५७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात मुलगा ओळखण्याचं प्रमाण सुमारे ९५ टक्के आणि मुलगी ओळखण्याचं सुमारे ९९ टक्के निघालं. सातव्या आठवड्याआधीच्या चाचण्या आणि लघवीतून बाळाचा डीएनए शोधणाऱ्या चाचण्या मात्र भरवशाच्या नाहीत, असंही त्यात स्पष्ट दिसलं.

पण हे आकडे प्रयोगशाळांमधल्या कामाचे, घरातल्या टेबलावरचे नाहीत. नवऱ्याने प्रेमाने बोट धरलं, त्याच्या हाताची त्वचा नळीला लागली, की वाय गुणसूत्र नमुन्यात आलं आणि उत्तर 'मुलगा'! बाळाचा डीएनए कमी पडला तर उलट 'मुलगी' येते. जुळ्यांपैकी एक गर्भ सुरुवातीलाच विरून गेला असेल, तरी त्याचे अंश रक्तात राहून फसवू शकतात. शिवाय बाळ निरोगी आहे का, याबद्दल ही घरची चाचणी चकार शब्द काढत नाही. भारतात राहणाऱ्या वाचकांसाठी तर प्रश्नच मिटतो, तिथे १९९४च्या कायद्याने गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे. तुम्ही कुठे राहता ते पत्रात नाही, पण कुठेही असलात तरी घरातला वाद मिटवायला म्हणून ही चाचणी करू नका. उत्तर कोणतंही आलं तरी एक तट नाराज होणार, आणि त्याचा ताण तुमच्यावरच येणार.

आता ती ओळ. चार उलट्या आणि गडद, थोडी लघवी म्हणजे शरीरात पाणी कमी पडतंय. अजून तसंच चालू असेल, पाणीही टिकत नसेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर आजच डॉक्टरांकडे जा. जाताना लघवीचा ताजा नमुना न्या आणि त्यात कीटोन (पोटात अन्न टिकलं नाही की शरीर चरबी जाळतं, तेव्हा तयार होणारे पदार्थ) तपासायला सांगा. त्या पट्टीवरचा रंग मात्र नीट विचारून घ्या, कारण सलाइन लावायची गरज आहे का हे ठरवताना डॉक्टर तोही पाहतील.